28 मिलिमीटरचा गळा

[दृश्य : टेबलावर सुटं इंजिन, शेजारी उघडलेला कार्बोरेटर]

हे फोक्सवॅगन बीटलचं इंजिन. चार सिलिंडर, दोन इकडे, दोन तिकडे, आडवे पडलेले. रेडिएटर नाही, पाणी नाही. पंख्याचा वारा आणि आतलं ऑइल, एवढ्यावरच ते थंड राहतं. मूळचं 1584 सीसीचं. आता 85.5 मिलिमीटरच्या जागी 90.5 मिलिमीटरचे पिस्टन बसलेत आणि बीटलवाले ज्याला 1776 म्हणतात ते इंजिन तयार झालंय. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही बदललाय. राहिलाय तो कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग.

मूळचा हा, सोलेक्स 34 पिक्ट. चार सिलिंडरना मिळून एकच गळा. वरून पाहिलं तर मध्ये तो आवळलेला दिसतो. तिथे व्यास फक्त 26 मिलिमीटर. याला व्हेंचुरी म्हणतात.

जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने पाण्याच्या प्रवाहावरचे आपले प्रयोग 1797 साली प्रसिद्ध केले, तेव्हा पेट्रोलची गाडी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. वाट अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. कार्बोरेटरचा सगळा डोलारा याच गोष्टीवर उभा आहे. गळ्यातला दाब उतरतो, फ्लोटच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीत, मात्र बाहेरच्या हवेचाच दाब असतो. त्या फरकावर पेट्रोल जेटमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, वर चढतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं.

म्हणूनच, इंजिन वाढवलं की मिळेल तो सगळ्यात मोठा कार्बोरेटर बसवायचा, हा सल्ला आम्हाला मान्य नाही. गळा गरजेपेक्षा रुंद झाला की कमी आरपीएमला हवा त्यातून रेंगाळत जाते. दाब पुरेसा उतरत नाही, पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि गाडी पिकअप घेत नाही.

[दृश्य : चालू इंजिन, मॅनिफोल्डच्या मानेवर पांढरा थर]

हा बर्फ आहे. इंजिन चालू आहे आणि मॅनिफोल्डची, म्हणजे कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीची, मान गोठलीय. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, हवेतली ओल तिथेच थिजते. मधोमध बसलेल्या एकाच कार्बोरेटरपासून दोन्ही बाजूंची हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, लांब पडतात, आणि गार नळीच्या भिंतींना पेट्रोल चिकटून राहतं. मूळ रचनेत सायलेन्सरकडचा गरम वायू एका बारीक नळीतून मॅनिफोल्डखाली खेळवलेला असतो. ती नळी काजळीने बुजली, की हे असं होतं.

दोन कार्बोरेटर लावले, एकेक थेट हेडवर, तर ही लांबची वाटच उरत नाही. साधा मार्ग म्हणजे एका गळ्याचे दोन वेबर 34 आयसीटी. या गाडीसाठी निवडलेत ते दोन वेबर 40 आयडीएफ. प्रत्येकाला दोन गळे, म्हणजे सिलिंडरमागे एक.

[दृश्य : हातात व्हेंचुरी, कॅलिपरने माप]

नावातला 40 हा आकडा थ्रॉटलच्या, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या पाकळीच्या, व्यासाचा. खरं माप आतल्या या कड्याचं, आणि ते काढून बदलता येतं. इथे 28 मिलिमीटरचं आहे. मूळच्या एका 26च्या जागी चार 28, म्हणजे क्षेत्रफळ साडेचार पटींहून जास्त. मग हाही गरजेपेक्षा मोठाच नाही का झाला? नाही. एकाच गळ्यातून चार सिलिंडर पाळीपाळीने ओढतात तेव्हा प्रवाह जवळपास अखंड राहतो. स्वतंत्र गळ्यात दोन फेऱ्यांमध्ये एकदाच ओढ येते आणि सगळी हवा त्या एका ओढीत आत जावी लागते. म्हणून चार गळ्यांची सरळ बेरीज इथे लागू पडत नाही.

आता जेट. व्हेंचुरीच्या मापाला चाराने गुणायचं, हा सुरुवातीचा ठोकताळा. 28 चोक 112. जवळचा जेट 115, म्हणजे 1.15 मिलिमीटरचं भोक. रोजच्या फिरण्यातला बराचसा काळ मात्र गाडी या मेन जेटवर नसतेच, ती आयडल जेटवर चालते. थ्रॉटलच्या पाकळीशेजारची ही भोकं पाहा, सुईच्या टोकाएवढी. पाकळी हलली की ती एकेक करून उघडी पडतात. आणि हा ॲक्सिलरेटर पंप. थ्रॉटल एकदम उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल मागे पडतं. ते भरून काढायला ही बारीक धार.

पेट्रोलचा दाब 3 पीएसआयच्या आसपास हवा. त्याहून फार वाढला तर वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी नीडल बसत नाही आणि वाटी ओसंडते.

[दृश्य : रबरी नळी कानाला लावलेला मेकॅनिक]

दोन्ही बाजू सारखीच हवा ओढतायत का, हे तो फुसफुशीवरून ओळखतो. नंतर मीटर लावून पडताळतो, पण आधी कान. हे काम इंजिन गरम झाल्यावरच करायचं. तापलं की इंजिन फुगतं, दोन कार्बोरेटरमधलं अंतर वाढतं आणि गार असताना जुळवलेला, दोघांना जोडणारा लिंकेज दांडा चुकतो.

मिश्रण लीन राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तर हेड तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटतो, पिस्टनला भोक पडतं.

[दृश्य : चार स्पार्क प्लग ओळीने]

पूर्ण थ्रॉटलवर पळवून, जागीच इंजिन बंद करून काढलेले हे प्लग. तीन फिकट तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरचा पांढुरका, म्हणजे तिथे मिश्रण लीन आहे. जुन्या पंखा-आवरणात ऑइल कूलर याच सिलिंडरच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे हा आधीपासूनच जास्त तापणारा. मेकॅनिक मॅनिफोल्डच्या बुडाशी फवारा मारून बघतो. आवाज बदलत नाही, म्हणजे कुठून हवा शिरत नाहीये. तो तिसऱ्याचा 115 काढतो, 120 उजेडात धरून भोकातून पाहतो आणि बसवतो.