दहाचे पंचवीस करताना

उपग्रह-दूरचित्रवाणीच्या डिशच्या तोंडाशी बसून आलेला सिग्नल कमी वारंवारतेवर उतरवणाऱ्या एलएनबीमध्ये २५ मेगाहर्ट्‌झचा एक स्फटिक असतो आणि त्याची वारंवारता ३९० पटींनी वाढवून ९७५० मेगाहर्ट्‌झचा लोकल ऑसिलेटर (सिग्नल खाली उतरवण्यासाठी त्यात मिसळायची लहर) तयार केला जातो. दूरचित्रवाणीच्या रुंद सिग्नलला हा स्फटिक थोडा सरकलेला चालतो. पूर्व रेखांश २६ अंशांवरील एस्हेल-२ उपग्रहावरचा क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा ट्रान्सपॉन्डर (आलेला सिग्नल पुन्हा पृथ्वीकडे पाठवणारी यंत्रणा) मात्र वेगळा आहे. महाराष्ट्रातूनही तो ऐकता येतो, पण तिथे बोलण्याचा सिग्नल जेमतेम २.७ किलोहर्ट्‌झ रुंद असतो आणि स्फटिकात दहा लाखांत एक भाग चूक झाली, तरी ऐकण्याची जागा सुमारे १० किलोहर्ट्‌झने हलते. म्हणून स्फटिक काढून तिथे जीपीएसच्या अचूक वेळेशी जखडलेल्या १० मेगाहर्ट्‌झपासून घडवलेले २५ मेगाहर्ट्‌झ द्यावे लागतात.

त्यासाठी पहिल्यांदा नजर जाते ती एसआय५३५१ या स्वस्त चिपकडे. बाजारात सहज मिळणारी तिची 'ए' आवृत्ती स्फटिकासाठी आहे. बाहेरच्या क्लॉकसाठी वेगळी पिन केवळ 'सी' आवृत्तीला आहे, हे खरेदीआधीच पाहावे. तिचा आतला ऑसिलेटर ६०० ते ९०० मेगाहर्ट्‌झमध्ये चालतो, त्यामुळे दहाला ७५ने गुणून ७५० आणि त्याला ३०ने भागून २५, असा निव्वळ पूर्णांकांचा हिशेब जुळतो आणि अपूर्णांकी भागाकारातून उठणारे उपद्रवी सिग्नल टळतात.

गणित इतके सुरेख जुळूनही माझी पसंती तिला नाही. वारंवारता ३९० पट झाली की फेज नॉइज (लहरीच्या फेजमधली बारीक थरथर) सुमारे ५२ डेसिबलने वर चढतो, आणि साध्या मोजणीच्या सर्किटमध्ये कधी जाणवलाही नसता असा चिपचा स्वतःचा नॉइज इथे थेट कानावर येतो. त्याऐवजी व्होल्टेजने किंचित हलवता येणारा २५ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक-ऑसिलेटर घ्यावा, त्याला पाचने आणि दहाच्या संदर्भाला दोनने भागून दोहोंची तुलना ५ मेगाहर्ट्‌झवर करणारी आणि ऑसिलेटरला संदर्भाशी जखडून ठेवणारी साधी पीएलएल चिप निवडावी, आणि या दुरुस्तीच्या लूपची बँडविड्थ अरुंद ठेवावी. लूपच्या बँडविड्थच्या आत नॉइज संदर्भाचा असतो आणि बाहेर ऑसिलेटरचा. मुख्य वारंवारतेजवळची स्थिरता जीपीएसकडून आणि दूरची शांतता स्फटिकाकडून मिळवायची, तर ही सीमा विचारपूर्वकच आखावी लागते.

दोन डिशचे सिग्नल एकत्र जोडायचे असतील, तर दोन स्वतंत्र बोर्ड लावू नयेत. संदर्भाला दोनने भागणारा काउंटर वीज आल्यावर दोनपैकी कोणत्याही फेजवर सुरू होतो आणि त्यामुळे एका बोर्डाचे २५ मेगाहर्ट्‌झ दुसऱ्याच्या तुलनेत अर्ध्या आवर्तनाने सरकू शकतात; एकाच बोर्डाचा क्लॉक दोन्ही एलएनबींना वाटून द्यावा.