सीझन आठ महिन्यांचा, खर्च बारा महिन्यांचा: कमावत्या पोरांसाठी पैशाचे पहिले धडे

नमस्कार मंडळी! आज गप्पा कमी, हिशेब जास्त. जवळ वही-पेन असेल तर घेऊनच बसा.

पैशाचे व्हिडिओ तुम्ही पाहत असालच. बहुतेकांत पहिला सल्ला ठरलेला असतो: पगार जमा झाला की आधी बचत बाजूला काढा आणि उरलेल्यात महिना भागवा. सल्ला चांगलाच आहे. पण तो कोणासाठी आहे? ज्याला दर महिन्याला तेवढाच पगार मिळतो त्याच्यासाठी. आता आपल्या गोव्याकडे बघा. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकवर, म्हणजे हंगामी हॉटेलांत, काम करणारी पोरं, भाड्याच्या स्कूटर देणारे, टॅक्सीवाले, गेस्ट हाऊस सांभाळणारे, लग्नसराईत केटरिंगला जाणारे, यांचा पैसा ऑक्टोबरपासून यायला लागतो आणि मे संपता संपता आटतो. पाऊस सुरू व्हायच्या आत शॅक उतरवावे लागतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीचे ट्रॉलरही बंद, म्हणजे जेटीवर बर्फ, डिझेल, टेम्पो यांवर पोट असणाऱ्यांचाही हात आखडतो.

आणि खर्च नेमका तेव्हाच डोकं वर काढतो. जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी, रेनकोट, छपराची ताडपत्री. पाठोपाठ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. वर्षातला सगळ्यात मोठा घरखर्च अशा वेळी येतो, जेव्हा मागच्या सीझनचा पैसा संपलेला असतो आणि पुढचा सुरू व्हायचा असतो. उधारी होते ती इथेच. पोरगा उधळ्या आहे असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. कॅलेंडर त्याच्या विरुद्ध आहे आणि ते कसं सांभाळायचं हे त्याला कोणी बसवून शिकवलेलं नाही.

म्हणून पहिला धडा: सीझनमध्ये हातात येतो त्याला पगार समजायचं नाही. स्वतःचा पगार स्वतः ठरवायचा.

(पाटीवर लिहिते आहे, नीट बघा.)

समजा, टिप धरून महिन्याला सरासरी 25,000 रुपये मिळतात. आठ महिन्यांचे झाले 2,00,000. बारांनी भागलं तर महिन्याला साडेसोळा हजारांच्या थोडे वर. म्हणजे तुम्ही पंचवीस हजारवाले नाही, साडेसोळा हजारवाले आहात. हा आकडा बघून पोरांचे चेहरे उतरतात, पण खरा आकडा हाच. आता स्वतःचा पगार आणखी थोडा कमी धरा, 15,000. सीझनमध्ये दर महिन्याला उरतात 10,000.

या दहा हजारांचं काय करायचं? नुसते खात्यात ठेवले तर जातात. यूपीआयने एकेक चहा, एकेक रिचार्ज करत कधी संपले ते कळत नाही. म्हणून त्यातल्या 7,500 रुपयांची दर महिन्याला एक छोटी मुदत ठेव करा आणि मुदत संपण्याची तारीख आपण ठरवा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची ठेव 1 जूनला सुटेल अशी. डिसेंबर, जानेवारीची 1 जुलैला. फेब्रुवारी, मार्चची 1 ऑगस्टला. एप्रिल, मेची 1 सप्टेंबरला. आठ ठेवी, चार जोड्या. पावसाच्या चारही महिन्यांत एक तारखेला तुमच्या खात्यात 15,000 रुपये जमा होतात, वर थोडं व्याज. मुदत ठेव सात दिवसांपासून दहा वर्षांपर्यंत कितीही काळाची करता येते, मोबाइलवरूनही होते, त्यामुळे बँकेत खेटे घालावे लागत नाहीत. व्याज फार मिळणार नाही, पण इथे व्याजासाठी कोण करतंय? ठेव मोडायची तर दोन मिनिटं थांबून विचार करावा लागतो. ती दोन मिनिटंच आपल्याला हवी आहेत.

महिन्याचे उरलेले 2,500 वेगळ्या बचत खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडू नका. मेअखेर तिथे 20,000 होतात. त्यात चवथ आणि अचानक आलेलं दुखणं.

हे सगळं आपल्याला नवीन आहे का? एप्रिल-मेमध्ये आपल्या घरांत पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, तांदूळ, कांद्याच्या माळा. पावसात बाजारात काय मिळेल, काय भावाने मिळेल याची खात्री नाही, म्हणून ऊन आहे तोवर भरून ठेवायचं. आपल्या आज्यांनी कुठल्याही ॲपशिवाय हे केलं. पैशाचं पुरुमेंत तसंच भरायचं, फक्त मेमध्ये नाही, ऑक्टोबरपासून.

आता हप्त्यांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी डिचोलीची. खाणींच्या भागातल्या माणसाला हप्ता म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. खनिज वाहतूक जोरात होती तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागात घराघरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे काही सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. ट्रक दारात उभे, टायर चिखलात रुतलेले, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला. ते लोक आळशी नव्हते, मूर्खही नव्हते. एकाच धंद्यावर सगळं घर अवलंबून होतं आणि हप्ता त्या धंद्याच्या भरीच्या काळातल्या कमाईवर बेतलेला होता.

आज तुम्ही स्कूटरचा हप्ता ठरवताना हे लक्षात ठेवा. डिसेंबरच्या कमाईकडे बघून हप्ता ठरवू नका, ऑगस्टच्या कमाईकडे बघून ठरवा. ऑगस्टमध्ये जो भरता येईल, तोच आपला हप्ता.

स्कूटरचं निघालंच आहे तर शोरूमच्या टेबलावर काय घडतं ते दाखवते. समोरचा म्हणतो, ‘फक्त दहा टक्के व्याज, मॅडम’. तुम्ही विचारायचं: फ्लॅट की घटत्या शिलकीवर? हा एक प्रश्न पाठ करा.

(पुन्हा पाटी.)

एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, फ्लॅट दहा टक्के. म्हणजे दरवर्षी पूर्ण एका लाखावर 10,000, तीन वर्षांचे 30,000. एकूण 1,30,000 भागिले 36, हप्ता साधारण 3,611. आता तेच कर्ज घटत्या शिलकीवर दहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 3,227 आणि एकूण व्याज 16,000 च्या आसपास. फरक का पडतो? कारण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. दोन वर्षांनंतर तुमच्याकडे एक लाख उरलेलेच नसतात, तरी फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण लाखावर लागत राहतं. फ्लॅट दहा टक्के म्हणजे प्रत्यक्षात वर्षाला जवळपास अठरा टक्के. त्याने दहा सांगितलं, तुम्ही अठरा भरलं. खोटं कोणी बोललं नाही, पण तुमचे तेरा-चौदा हजार गेले.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांबद्दल, थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्त्यावाल्याला मिळत नाही, किंवा प्रोसेसिंग फी लागते. दोन्ही किमती विचारा आणि वजाबाकी करा, बस्स.

क्रेडिट कार्ड. मी कार्डाच्या विरोधात नाही. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला ते उपयोगी आहे. गोची आहे ती बिलावर छापलेल्या ‘किमान देय रक्कम’ या ओळीत. समजा 40,000 चा फोन कार्डावर घेतला. किमान रक्कम पाच टक्के धरली तर 2,000. तुम्ही 2,000 भरले आणि वाटलं, चला, या महिन्याचं झालं. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, बऱ्याच कार्डांवर त्याच्या आसपासच असतं. चाळीस हजारांवर महिन्याचे 1,400. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 252. झाले 1,652. तुमच्या दोन हजारांपैकी फोनच्या किमतीत गेले 348 रुपये. तीनशे अठ्ठेचाळीस! या वेगाने फोन जुना होऊन बंद पडेल, पण त्याचं कर्ज फिटणार नाही. त्यात शिल्लक बाकी असताना नवीन खरेदीवरही बहुतेक कार्डांत पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. पूर्ण बिल भरता येणार नसेल त्या महिन्यात कार्ड घरच्या कपाटात राहू दे.

हेच चक्रवाढ, म्हणजे व्याजावरही व्याज, आपल्या बाजूनेही फिरतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. महिन्याला 1,000 रुपये, सात टक्क्यांनी, दहा वर्षं. तुम्ही भरता 1,20,000, होतात साधारण 1,73,000. तेच वीस वर्षं चालू ठेवलं तर भरता 2,40,000 आणि होतात सव्वापाच लाखांच्या जवळ. सुरुवातीची वर्षं कंटाळवाणी जातात, आकडा हलत नाही असं वाटतं. बाविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याकडे ती वर्षं काढायला वेळ असतो. पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीच्या बचतीचं खातं, वर्षाला 500 रुपयांपासून चालू ठेवता येतं, पण पैसे पंधरा वर्षं अडकतात. म्हणून आधी पावसाळ्याची सोय, मग पीपीएफ. हा क्रम उलटा करू नका.

पैसा ठेवायचा कुठे, यावर गोव्यात बोलायलाच हवं. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा आणि 2021 मध्ये मडगाव अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांचे पैसे त्यात होते. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की बँकेतल्या ठेवीला विमा असतो. नियम असा: एका बँकेत एका ठेवीदाराच्या सगळ्या खात्यांना मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, 5 लाखांपर्यंत विमा. पूर्वी तो एक लाख होता, फेब्रुवारी 2020 पासून पाच झाला. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही. पतसंस्थेत काम करणारा माणूस शेजारचा असेल, चांगलाही असेल, तरी विमा नाही तो नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून आईबाबांची निवृत्तीची पुंजी तिथे नेऊन ठेवताना हे घरात बोला. भिशीचंही तसंच. ओळखीच्या दहा जणींची भिशी ठीक आहे, पण फेसबुकवरच्या अनोळखी माणसाच्या भिशीत एक रुपयासुद्धा घालू नका.

आता थोडं आईवडिलांशी बोलते. आपल्याकडे मुलांसमोर पैशाची भाषा काढत नाहीत. मग तीच मुलं अठराव्या वर्षी थेट कर्जाच्या ॲपवर जातात. यंदाच्या चवथीला एक करून बघा. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-रानफळांचा, खर्च दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हातात द्या. ठरलेली रक्कम, रोख. म्हापशाच्या बाजारात त्याला पुढे घाला. सुपाऱ्यांचा घड किती, कांगलां किती, नारळ, चिबूड, तोरिंग किती, काय रानातून आणता येईल आणि काय विकतच घ्यावं लागेल, हे त्याला ठरवू द्या. पैसे उरले तर त्याचे. संपले तर माटोळी थोडी विरळ दिसेल, दिसू दे, देवबाप्पा रागावत नाही. आणि दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून चालवू शकतं. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याबाबत बँकांना नव्याने सूचना दिल्या आहेत. मर्यादा बँक ठरवते, चौकशी करा.

शेवटचा विषय मला मनापासून काळजीचा वाटतो. कॉलेजच्या पोरांना मेसेज येतो: ‘तुझं खातं दोन महिने वापरायला दे, पाच हजार मिळतील’. पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याचं सिम मागतात. कधी ओळखीचाच कोणी मागतो. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. फसवलेल्या माणसाने तक्रार केली की पोलीस पहिले तुमच्या दारात येतात, कारण नाव तुमचं आहे. खातं गोठतं, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तो पाच हजारवाला फोन उचलत नाही. खातं भाड्याने द्यायची वस्तू नाही, मित्रालाही नाही.

दिलंच असेल तर घाबरून गप्प बसू नका. आजच घरच्या कोणा मोठ्या माणसाला सांगा, त्यांना घेऊन शाखेत जा, कार्ड बंद करा, सिम ब्लॉक करा आणि काय झालं ते लेखी द्या. त्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि फसवणुकीत तुमचेच पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून सकाळपर्यंत वाट बघू नका.

मोपा विमानतळावर आणि वेर्ण्याच्या कंपन्यांत नव्याने लागलेल्या पोरांसाठी पुढच्या भागात पगाराची स्लिप घेऊन बसू: पीएफ कुठे कापला जातो, नोकरी बदलली की त्याचं काय करायचं. तुमची स्लिप तोवर शोधून ठेवा.