सख्खे शेजारी, एक आइस्क्रीम

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन, अथांग पाणी, काठावर एक माणूस कुत्र्याला फिरवतोय.)

पलीकडचा काठ दिसत नाही, तरी हा समुद्र नव्हे. खारा वास नाही, वाळूत शिंपले शोधावे लागतात. हे लेक मिशिगन. त्याच्या पश्चिम काठावर, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, जेमतेम अकरा हजार वस्तीचं गाव आहे टू रिव्हर्स. दोन नद्या इथं सरोवराला मिळतात, म्हणून हे नाव. पण इथली माणसं एवढं लांबलचक बोलत बसत नाहीत. ती म्हणतात, ‘ट्रिव्हर्स’.

काठाकाठाने दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटर गेलं की मॅनिटोवॉक लागतं. वस्ती तिप्पट, बंदर मोठं, रुबाबही मोठा. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गोदीने २८ पाणबुड्या बांधल्या. १९६२ साली स्पुटनिक ४ या सोव्हिएत उपग्रहाचा नऊएक किलोचा तुकडा आभाळातून कोसळला, तोही नेमका मॅनिटोवॉकच्या रस्त्यात. जरा उत्तरेला, ट्रिव्हर्सकडे सरकला असता तर काय बिघडलं असतं?

अशा शेजाऱ्याशेजारी राहणाऱ्या गावाला एखादी तरी गोष्ट फक्त स्वतःची हवी असते. ट्रिव्हर्सकडे ती आहे. आइस्क्रीम संडे.

(दृश्य: रस्त्याकडेचा फलक. कॅमेरा अक्षरांवरून सावकाश सरकतो.)

१९७३ साली उभारलेला हा फलक गोष्ट अशी सांगतो. साल १८८१. एड बर्नर्सच्या सोडा फाउंटनवर, म्हणजे सोड्याची पेयं आणि आइस्क्रीम मिळणाऱ्या दुकानात, जॉर्ज हॅलॉअर नावाचं गिऱ्हाईक आलं. त्याने आइस्क्रीम मागितलं आणि वर म्हणाला, ते चॉकलेटचं सॉस घाल की यावर. तोवर ते सॉस फक्त आइस्क्रीम सोड्यात पडायचं. बर्नर्सने घातलं. किंमत पाच सेंट. लोकांना चटक लागली, पण मिळायचं फक्त रविवारी. मग एके दिवशी, रविवार नसताना, दहा वर्षांची एक मुलगी हटून बसली. मला तेच हवं, वर ते घातलेलं. आज रविवार आहे असं समजू या!

दुकानदार विरघळला. पदार्थ रोज मिळू लागला आणि रविवारचं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पुढे इंग्रजीत त्याची शेवटची अक्षरं बदलली, Sunday चं sundae झालं. देवनागरीत ती भानगडच नाही. वारही संडे, आइस्क्रीमही संडे.

आता गंमत ऐका. याच गोष्टीचं आणखी एक रूप सांगितलं जातं. त्यात सॉस पडतं ट्रिव्हर्सलाच, पण मुलगी हट्ट धरते मॅनिटोवॉकमध्ये, जॉर्ज गिफीच्या दुकानात! शेजारच्या गावात हे खपतंय म्हटल्यावर गिफीलाही ते ठेवणं भाग पडलं. पण पाच सेंटात परवडेना, म्हणून त्याने ते रविवारपुरतंच ठेवलं. म्हणजे पदार्थ यांचा आणि बारसं त्यांच्याकडे. फलकावर गिफीचं नाव नाही, हे सांगायला नकोच.

सख्खा शेजारी, पक्का वैरी.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं पान.)

खरा दावेदार मात्र हजारभर किलोमीटर दूर आहे. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका. एप्रिल १८९२ मध्ये तिथल्या चेस्टर प्लॅटच्या दुकानात व्हॅनिला आइस्क्रीमवर चेरीचा पाक आणि एक चेरी पडली, नाव ठेवलं ‘चेरी संडे’. दोनच दिवसांत स्थानिक पेपरात जाहिरात. ती जाहिरात आजही दाखवता येते. ट्रिव्हर्सकडे १८८१ चा असा कागद नाही. शिवाय त्या साली बर्नर्स जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा होता, हेही इथाकावाले आवर्जून काढतात. कागदावर जायचं तर इथाकाचं पारडं जड आहे, हे मान्य करावंच लागतं. पण इथाकाच्या महापौरबाईंनी संडेच्या जन्माचा दिवस जाहीर केला, तेव्हा ट्रिव्हर्सकरांनी त्यांना पोस्टकार्डं धाडली. जन्म आमच्याकडचा, अशी. भांडायचं तर असं, तिकीट लावून.

(दृश्य: कोळशाचा धूर, जाळीवर तडतडणारे सॉसेज.)

भूक लागली असेल तर अजून थोडं दक्षिणेला जाऊ. हे शेबॉयगन, ब्राटवुर्स्टचं गाव. ब्राटवुर्स्ट म्हणजे जर्मन वळणाचं, बहुतेक डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज. इथले त्याला नुसतं ‘ब्राट’ म्हणतात आणि ते कोळशावरच भाजायचं असतं. मात्र या भाजण्याला इथला शब्द ‘फ्राय आउट’. तळणीचा पत्ता नाही, तरी फ्राय! हॉट डॉगच्या मऊ लांबट पावात ब्राट घातलंत तर तुम्ही परगावचे ठरलात. इथं लागतो हार्ड रोल, वरून कडकडीत, आतून लुसलुशीत गोल पाव. ‘डबल’ मागितलं की दोन ब्राट शेजारी शेजारी येतात, वर मोहरीची चटणी, कांदा, काकडीचं लोणचं, आणि पावाला लोणी. पहिल्या घासाला पाव फुटतो आणि चरबीमिश्रित लोणी थेट कोपरापर्यंत. आधी बिअरमध्ये उकळून मग भाजणारी गावंही याच राज्यात आहेत. शेबॉयगनमध्ये त्यांचा विषय न काढलेला बरा.

(दृश्य: वॉशिंग्टन हाउस, दुपार.)

परत ट्रिव्हर्स. एकेकाळी नव्याने आलेल्या स्थलांतरितांची खानावळ-हॉटेल असलेली ही इमारत आता गावाचं संग्रहालय आहे. खाली बर्नर्सच्या सोडा फाउंटनची प्रतिकृती, आणि तिथंच संडे मिळतं. काचेच्या बशीत व्हॅनिला. त्यावर कोमट चॉकलेट ओतलं की आधी ते वरच थबकतं, मग थंडीने घट्ट होत कडेकडेने उतरतं. चमचा खाली गेला की पातळ झालेलं पांढरं आणि तपकिरी एकमेकांत मिसळतं. बस्स. यात काही शोध लावण्यासारखं आहे का, असा प्रश्न पडतो. पण बशी रिकामी होईपर्यंत तो प्रश्न आठवत नाही.

निघताना मॅनिटोवॉकमध्येही थांबलो. तिथं ‘बर्न्टसन्स’ नावाचं १९३२ पासूनचं मिठाईचं दुकान आहे, आत गडद लाकडाचे जुने बाक. संडे मागवलं. ट्रिव्हर्सहून आलो, हे सांगितलं नाही.

वार बुधवार होता.