आप्पा आज हात लावणार नाहीत

[दृश्य: पारोळ्याबाहेर बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं शेड. आत ओळीनं उभ्या मोटारसायकली.]

रविवार. थंडीचे दिवस. पत्र्याच्या कैच्यांना जुन्या कापसाचे पुंजके अजून लोंबताहेत, आणि खाली ताडपत्रीवर पाने, पक्कड, रिकामे डबे, रॉकेलची बाटली, जुन्या बनियनच्या चिंध्या. धुळ्याहून, अमळनेरहून, चाळीसगावहून माणसं आली आहेत. एक जण तर पहाटेच्या गारठ्यात थेट शहाद्याहून. सगळे आपापल्या गाडीवर.

मधोमध खुर्चीवर आप्पा. तालुक्यात कुणाची गाडी अडली की आप्पांचं गॅरेज. राजदूतच्या जमान्यापासून हातात पाना. आपली गाडी आपणच दुरुस्त करायला शिकण्याचा आजचा हा दिवस भरला तो त्यांच्याच एका अटीवर.

[आप्पांचा आवाज] “मी गाडीले हात लावाव नही. तुम्हीच खोला, तुम्हीच बसाडा.”

ही अट ऐकायला सोपी वाटते. खान्देशात मोटारसायकल म्हणजे घरचं कामाचं जनावर. दुधाच्या कॅन तिच्यावर, खताची गोणी तिच्यावर, लग्नाला जाणारं चौघांचं कुटुंबही तिच्यावरच. तरी ती बिघडली की मालक चहा घेऊन बाकड्यावर बसतो आणि बाकीचं मिस्त्री बघतो. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला तिचा एअर फिल्टर कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही.

[दृश्य: स्प्लेंडरखाली ठेवलेलं घमेलं. पाना फिरतोय.]

सुरुवात ऑइलपासून. इंजिन थोडं चालवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. ऑइल सोडायच्या बोल्टला स्प्लेंडरमध्ये १७ नंबरचा पाना. १९९४ साली आलेली ही गाडी आजही इथल्या बांधाबांधावर दिसते, त्यामुळे शेडमधल्या निम्म्या लोकांना हाच धडा लागू.

सोडणं सगळ्यांना जमतं. खरी परीक्षा आवळताना. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. जीव खाऊन आवळला की आटे जातात आणि मग दर दोन दिवसांनी अंगणात काळा थेंब. आप्पांचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. नुसतं बघून त्यांना कळतंय की पोरगा अर्धा फेरा जास्त मारतोय. “बस, बस, बस!”

चाळीसगावच्या एका भाऊंची तक्रार वेगळी. रेस वाढते, गाडी पळत नाही. क्लच प्लेटा नव्याच टाकल्यात. आप्पांनी ऑइलचा डबा मागवला. कारचं ऑइल. घरात उरलं होतं, घातलं. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती इंजिनाला मानवतात, पण क्लचच्या प्लेटांना घर्षणच हवं असतं. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं बघायचं. दुकानदार काहीही म्हणो.

[दृश्य: फोमचा फिल्टर. त्यावर राखाडी थर.]

एअर फिल्टर काढल्यावर हशा पिकला. एका गाडीतून निघाली ती जवळजवळ गादीच. ही गाडी रोज चालू जिनिंगसमोर उभी राहते. काळ्या मातीची धूळ आणि कापसाची तूस, दोन्ही आत. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवायचा, पिळायचा, वाळवायचा, हलकंसं ऑइल लावायचं. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नाही, झटकायचा, नाहीतर बदलायचा. कंपनीची पुस्तिका सांगते त्याच्या आधीच बदलायचा. पुस्तिका लिहिणाऱ्यानं कापसाचा हंगाम पाहिलेला नसतो.

चेनकडे फार वेळ गेला नाही. खालच्या बाजूला मधोमध बोटानं वरखाली करायची, साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील, नेमका आकडा पुस्तिकेत. चाक फिरवून चार ठिकाणी तपासायची, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

टायरवर मात्र वाद झाला. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, असं इथं पिढीजात ज्ञान आहे. ते उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, जास्त मळली जाते आणि आणखी तापते. हवा सकाळी, टायर थंड असताना, ठरल्याइतकीच भरायची. दोघा-तिघांना हे पटलं नाही. चहा झाला, तरी पटलं नाही.

[दृश्य: मागचं चाक काढलेलं. ओल्या फडक्यानं ड्रम पुसणारा हात.]

ब्रेकचा ड्रम उघडला की पहिली सवय तोंडानं फुंकायची. तेवढ्यासाठी आप्पा खुर्चीवरून उठले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती पूड फुप्फुसात गेली की निघत नाही. ओलं फडकं घ्या. शहाद्याचा गडी लक्ष देऊन ऐकतोय, कारण त्याची मंडळी दर पावसाळ्यात तोरणमाळला जातात. सुमारे १,१५० मीटर उंचीवरून उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर ड्रम तापतो, लायनिंगची पकड जाते. खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी उतरवायची. चाळीसगाव–कन्नडच्या घाटालाही हेच.

आणि मग बुलेट.

[दृश्य: जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट. टॅपेटचं झाकण उघडलेलं. सगळे वाकून बघताहेत.]

३४६ सीसी. मालकाच्या वडिलांनी घेतलेली. मालकाला एकच हवंय: टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व उचलणाऱ्या जोडणीचा, टकटक आवाज बंद. इंजिन पूर्ण थंड. पिस्टन वर आणायचा, तोही दाबाच्या फेऱ्यात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व मिटलेले. मग टॅपेट असा लावायचा की पुशरॉड, म्हणजे टॅपेटवरची उभी दांडी, दोन बोटांत गर्रकन फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये.

मालकानं आवळलं. रॉड फिरेना. ढिलं केलं. खडखडायला लागलं. पुन्हा आवळलं. पंधरा-वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. आप्पांची बोटं पाठीमागे स्वतःशीच फिरत होती, आणि आमच्या कॅमेऱ्यानं दिवसभरात टिपलेलं हे सगळ्यात आवडतं दृश्य.

[आप्पांचा आवाज] “आयक. थोडा आवाज राहू दे. आवाज बंद व्हयना का समज, काम बिघडनं.”

म्हणजे, आवाज बंद झाला की काम बिघडलं. त्यामागचं कारण असं: टॅपेट गच्च आवळला की आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं. पण इंजिन तापल्यावर एक्झॉस्टचा व्हॉल्व आपल्या जागेवर पूर्ण मिटत नाही. फटीतून जळता वायू सुटत राहतो आणि व्हॉल्वची कड जळते. महामार्गावर गाडी दम टाकते तेव्हा कुणाला तो टकटक आवाज आठवत नाही. अनेक गॅरेजांत टॅपेट असेच गप्प केले जातात; गिऱ्हाइकाला शांतता हवी असते आणि मिस्त्रीला गिऱ्हाईक.

बुलेट चौथ्या किकला उठली. टकटक होती, बारीक. मालक आधी जरा हिरमुसला, मग झाकणाला कान लावून उभाच राहिला.

[दृश्य: शेडपासून लांब चूल. कपाशीच्या काड्यांवर भाजली जाणारी वांगी.]

पेट्रोल सांडलेलं, म्हणून चूल लांब. भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ऑइलचे हात राखेनं घासूनही भाकरीवर काळी बोटं उमटली, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी आरएक्स १००. १९८५ ते १९९६ निघालेली ही टू-स्ट्रोक, आता तिचे भाव ऐकून जुने मालक हळहळतात. तिचा आजार पेट्रोलचा. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल, त्यात जरासं पाणी, आणि हलवलं. तळाला बसलेला थर घातलेल्या पाण्याच्या दुपटीहून मोठा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलं होतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओल शिरली तर हेच घडतं आणि कार्बोरेटरला पहिला घोट जातो तो याच थराचा. शिवाय त्या काळातले रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. पाइप बदलला, कार्बोरेटरची वाटी रिकामी केली. निळा धूर काढत गाडी शेडला दोन चकरा मारून आली.

निघालेलं जुनं ऑइल डब्यांत भरून ठेवलंय. बांधावर ओतायचं नाही, विहिरीजवळ तर नाहीच, भंगारवाला नेईल.

[दृश्य: एका मुलीच्या हातात स्कॅनर. शेजारी नवी स्प्लेंडर.]

संध्याकाळी पुढच्या वेळचा विषय ठरला: एप्रिल २०२०नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाड्या. त्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. बिघाड कानाला लागत नाही, मीटरवर दिवा लागतो, आणि तो का लागला ते स्कॅनर सांगतो. शिकवणार आहे भुसावळची ही मुलगी, आयटीआय झालेली. तिनंही एक अट घातली आहे: स्कॅनर ती लावणार नाही, शिकणाऱ्यानं लावायचा.

शिकणाऱ्यांच्या वहीत पहिलं नाव आप्पांनी लिहिलंय. चष्मा घरी राहिला म्हणून जरा तिरकं.