रस्सा दिवसभर, पास्ता अर्धा तास

श्रोतेहो, नमस्कार.

वेचणीचे दिवस आहेत. सकाळी आठ-नऊला बाया शेतात जातात, त्या दिवस मावळायच्या बेताला घरी येतात. ज्यांच्या शेतात कापूस नाही, त्यांची तूर शेंगांवर आहे, चण्याला पाणी द्यायचं आहे. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, तालुक्याला रोज अपडाऊन करणाऱ्या नोकरदार सुना, सगळ्यांची घरी पोचायची वेळ तीच. आणि उंबऱ्यात पाय टाकला की पोरांचा प्रश्न, आज काय केलं? वरण-भात म्हटलं की तोंड वाकडं. त्यांना पाहिजे असतो पास्ता. मोबाईलवर पाहिलेला, नाहीतर अमरावतीच्या मामाकडं खाल्लेला.

तर आज त्या पास्त्याबद्दलच बोलते. तो स्लो कुकरमध्ये कसा करायचा, म्हणजे सकाळी शेतात जाण्याआधी अर्धा तास आणि संध्याकाळी आल्यावर अर्धा तास, एवढ्यात सहा माणसांचं जेवण कसं होतं, ते सांगते. ज्यांच्याकडं हे भांडं नाही त्यांनी रेडिओ बंद करू नका. त्यांच्यासाठीही शेवटी आहे, आणि खरं सांगू का, मला स्वतःला तोच भाग जास्त आवडतो.

स्लो कुकर म्हणजे चिनीमातीचं जाड भांडं, त्याच्याभोवती विजेची तार गुंडाळलेलं कवच, आणि वर काचेचं झाकण. याला शिट्टी नाही, वाफेचा दाब नाही. आतलं अन्न हळूहळू तापत काही तासांनी उकळीच्या जवळ जातं आणि तिथंच राहतं. आर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसानं हे भांडं काढलं, १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियाकडची. तिकडं ज्यू लोक शनिवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच कडधान्य आणि मांसाची हंडी गावच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी निवत जायची, हंडी रात्रभर शिजत राहायची. आईकडून ऐकलेल्या त्या गोष्टीवरून त्याला हे सुचलं. १९७१ साली दुसऱ्या एका कंपनीनं ते ‘क्रॉक-पॉट’ या नावानं विकायला काढलं, आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी उचलून धरलं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजणारी माणसं आपण. दूध दिवसभर मंद आचेवर ठेवून त्याच्यावर बोटभर साय धरवणारी आपली आजी. हळू शिजवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त चुलीपाशी कुणीतरी बसलेलं असायचं, आणि आता ते कुणीतरीही कापूस वेचायला गेलेलं असतं.

पास्ताही तसा परका नाही. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आणि ड्युरम म्हणजे आपला बन्सी. आमच्या सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, “हे त वरणफळच होय व माय, वरणाच्या जागी टमाटर टाकले!” मला तर यापेक्षा बरोबर वर्णन कुठं मिळालं नाही. दुकानात पुडा घेताना मागं काय लिहिलं आहे ते वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलं असेल तर घ्या. मैद्याचा असेल तर तो या भांड्यात पाच मिनिटं जास्त राहिला तरी लगदा होतो. आकार आखूड घ्या, नळीचा किंवा मॅकरोनीचा. लांब शेवयांसारखा घेतला तर एकमेकांना चिकटून त्याचा गोळा होतो.

आता मुख्य गोष्ट. या भांड्याच्या पाककृती सांगणारे बरेच लोक म्हणतात, सगळं एकदम टाका, बटन दाबा आणि जा. पास्त्याच्या बाबतीत हे ऐकू नका. आठ तास शिजलेला पास्ता म्हणजे खळ. दिवसभर शिजायचा तो रस्सा. पास्ता शेवटचा अर्धा तास.

साडेचार-पाच लिटरचं भांडं धरून सांगते. सव्वा किलो पिकलेले टमाटर, चार मोठ्या फोडी करून. तीन कांदे बारीक चिरून. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, अद्रकाचा छोटा तुकडा. दोन गाजरं किसून, कारण हिवाळ्यात गाजर स्वस्त असतं आणि टमाटरचा आंबटपणा ते मारतं, मग साखर लागत नाही. एक ढोबळी मिरची असली तर असली. आणि दोन वाट्या सोयाबीनच्या वड्या, गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून. सोयाबीन पिकवायचं आपण आणि वड्या आणायच्या दुकानातून, हा हिशोब मला कधी समजला नाही, पण वड्या चांगल्या. दिवसभर शिजून त्या विरघळत नाहीत, उलट रस्सा पितात, आणि पोरांच्या पोटात काहीतरी दमदार जातं.

फोडणी मात्र गॅसवरच करायची. या भांड्यात काही लाल होत नाही. कच्चा कांदा टाकला तर आठ तासांनीही त्याला उकडलेल्या कांद्याचा गुळचट वास येतो, आणि आपल्या वऱ्हाडी जिभेला तो चालत नाही. कढईत फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, त्यात लसूण-अद्रक, मग कांदा चांगला बदामी होऊ द्या. तिखट, हळद, मीठ टाका, टमाटर टाकून एक वाफ आणा, आणि हे सगळं गरमच भांड्यात ओता. गरम ओतण्यात दुसरा फायदा आहे. अन्न पाच ते साठ अंशांच्या मधे जितकं जास्त वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. थंड माल टाकला तर तो टप्पा ओलांडायला भांड्याला फार वेळ लागतो.

पाणी एकच कप. झाकणाखालची वाफ बाहेर जात नाही, पुन्हा आतच पडते, आणि टमाटर स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळं. बटन ‘लो’ वर ठेवा आणि सात-आठ तास विसरून जा. घरी आजी असतील तर त्यांना हात जोडून सांगा, झाकण उघडून पाहू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

तुरीचे सोले टाकायचा मोह होईल, या दिवसांत कुणालाही होईल. टाका, पण आधी साध्या पाण्यात उकडून. आंबटात शेंगदाणा असो की डाळ, नरम पडत नाही, हे आपल्याला चिंच घातलेल्या वरणावरून माहीत आहेच. आणि राजमा घालायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी पदार्थ असतो, तो नुसत्या मंद आचेवर मरत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, मगच या भांड्यात घाला. नाहीतर उलट्या-जुलाब ठरलेले.

संध्याकाळी आलात की घोटणीनं रस्सा थोडा घोटा, टमाटरच्या सालींचे मोठे तुकडे बाहेर काढा. बटन ‘हाय’ वर करा. तीन पेले उकळतं पाणी आणि अर्धा किलो पास्ता टाका, सगळा पास्ता रश्शात बुडाला पाहिजे. झाकण. पंधरा मिनिटांनी एकदा ढवळायचं, पंचवीस मिनिटांनी एक नळी दाताखाली धरून पाहायची. दूध, साय किंवा चीज घालायचं असेल तर ते अगदी शेवटी, नाहीतर आंबटात फाटतं. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. चीज नसलं तरी अडत नाही, घरच्या लोण्याचा एक गोळा पुरे. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी यात सावजी मसाला टाकून पाहिला आहे. त्यांचं ते जाणोत. मुलांना मात्र वेगळं काढून ठेवावं लागलं.

हा शेवटचा अर्धा तास तुम्हीच करावा असं कुठं लिहिलेलं नाही. आठवी-नववीतलं पोरगं उकळतं पाणी सांभाळून ओतू शकतं, मुलगी आणि मुलगा दोघंही. आणि त्यांचे वडीलही, बसस्टँडवरून आले असतील तर.

आता लाईनचं बोलू. २०० वॉटचं भांडं आठ तास पूर्ण चाललं तरी १.६ युनिट होतात, त्यामुळं बिलाचं भय नाही. भय आहे ते व्होल्टेजचं. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की साध्या बटनाच्या भांड्यात उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते. आमच्याकडं पंप सुरू झाले की दिवा पिवळा पडतो, तुमच्याकडंही पडत असेल. अशा ठिकाणी ‘लो’ च्या भरवशावर राहू नका. सकाळी पहिला दीड-दोन तास ‘हाय’ वर ठेवा, घरी असतानाच. आणि संध्याकाळी पास्ता भांड्यात शिजवत बसू नका, गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवून गॅसवर शिजवा आणि रश्शात मिसळा.

लाईन गेली तर? आकडे दिसणारं डिजिटल भांडं लाईन आल्यावर बहुधा बंदच राहतं. घुंडीचं भांडं आपोआप परत सुरू होतं, म्हणून गावात लोक घुंडीचं घेतात. पण त्यात एक मेख आहे. तुम्ही घरी येता तेव्हा ते गरमच असतं, आणि मधे तीन तास ते थंड पडलं होतं की नाही, हे तुम्हाला कळत नाही. शेजारी विचारा, लाईन किती वेळ गेली होती. घरी कुणी असेल तर लाईन गेल्यागेल्या थोडी वाट पाहून रस्सा गंजात काढायचा आणि गॅसवर पूर्ण करायचा. कुणीच नसेल आणि दोन तासांपेक्षा जास्त लाईन गेली असेल, तर ते अन्न खाऊ नका, चिकन असेल तर मुळीच नाही. वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण दवाखान्याची वारी महाग पडते. ज्या दिवशी घर बंद करून सगळेच बाहेर जाणार आणि घरातलं वायरिंग जुनं, त्या दिवशी मी तरी हे भांडं लावत नाही.

आता भांडं नसलेल्यांसाठी. कापूस तर घरात आहे ना? एक मोठी टोपली किंवा लाकडी पेटी घ्या, तळाशी आणि चारी बाजूंनी चांगला वीतभर कापूस दाबा, त्यावर जुनं धोतर अंथरा. घट्ट झाकणाच्या गंजात रस्सा काठोकाठ भरून वीस मिनिटं खळखळ उकळा. गंज खाली उतरवून बूड कोरडं पुसा, निखारा-ठिणगी कुठं चिकटलेली नाही ना ते पाहा, मग पेटीत ठेवा आणि वरून गोधडी दाबून बसवा. आग नाही, वीज नाही. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचवायला इंग्लंडमधल्या बायका गवत भरलेल्या पेटीत असंच शिजवायच्या. आपल्या देशात कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला होता, खाली थोडे कोळसे आणि वर डब्यांची चळत, तोही हळूच शिजवायचा.

पेटीची मर्यादा ओळखा. ती उष्णता धरते, तयार करत नाही. तीन-चार तास चांगली, दिवसभर नाही. म्हणून सकाळी सातला ठेवून संध्याकाळी सातला उघडू नका. दुपारी घरी येणाऱ्यांनी, किंवा रविवारी, वापरा. खाण्याआधी रस्सा पुन्हा एकदा उकळा, आणि मांस पेटीत ठेवूच नका. तूरडाळीसाठी तर ही पेटी सोन्यासारखी आहे. डाळ आधी भिजवलेली असली की पंधरा मिनिटांच्या उकळीवर काम भागतं.

पास्त्यालासुद्धा हीच युक्ती चालते. पाण्याला खळखळ उकळी आणा, पास्ता टाकून दोन मिनिटं उकळू द्या, घट्ट झाकण ठेवा आणि गॅस बंद करा. पुड्यावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्यापेक्षा दोन-तीन जास्त थांबा. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले इटलीचे जॉर्जिओ पारिसी यांनी २०२२ साली, तिकडं गॅस महागला तेव्हा, ही पद्धत लोकांपुढं मांडली होती. इटलीच्या आचाऱ्यांनी नाकं मुरडली, पास्ता रबरासारखा होतो म्हणाले. आमच्या घरी तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

उरलेलं रात्री भांड्यात गरम ठेवू नका. पसरट ताटलीत काढून निवू द्या आणि फ्रीजमध्ये टाका. फ्रीज नसेल तर एका वेळेपुरताच करा. सकाळी डब्यात द्यायचा असेल तर अर्धी वाटी पाणी घालून उकळवा, कारण रात्रीतून पास्ता सगळा रस्सा पिऊन बसतो. आणि भांडं रिकामं झाल्याझाल्या त्यात थंड पाणी ओतू नका. तापलेली चिनीमाती तडकते, आणि नुसतं आतलं भांडं सहजासहजी सुटं मिळत नाही. ते निवू द्या, कोमट पाण्यात तासभर भिजू द्या, सकाळी नारळाच्या काथ्यानं एका हातात निघतं.

नमस्कार.