सामायिक कॅलेंडर कोणाच्या नावावर?

(सोलापुरातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय, 'सामायिक कॅलेंडर नव्या क्लाउड सेवेवर कसं न्यावं'. समोर सोसायट्यांचे सेक्रेटरी दिसतायत, मंगल कार्यालयवाले आहेत, दवाखान्यांत डॉक्टरांच्या वेळा सांभाळणाऱ्या ताई आहेत. एकच तारीख दोघांना दिली गेली की काय होतं, हे इथे कोणालाच समजावून सांगायला नको. कसं न्यावं ते सांगणारच आहे. पण काय न्यायचं आणि ते कोणाच्या नावावर ठेवायचं, हे ठरल्याशिवाय 'कसं'ला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी तेवढं बोलू द्या.

आपल्या जानेवारीपासूनच सुरुवात करतो. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली. हा दिवस मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकायला एक नियम पुरतो: दरवर्षी, १२ जानेवारी. पुन्हा कधी बघायला नको. त्याला लागूनच गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, येते. तिचे दिवस संक्रांतीला धरून असतात, आणि संक्रांत कधी १४ तारखेला, कधी १५ तारखेला. ज्यांचं दुकान नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर आहे, त्यांना त्या एका दिवसाचा फरक किती पडतो ते विचारा. तिथे 'दरवर्षी अमुक तारीख' असा नियम टाकला की दोन-तीन वर्षांत तो खोटं बोलायला लागतो.

असं का होतं? सूर्याचं मकरेत जाणं आपण निरयन पद्धतीने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो. ते वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं असतं. ही वीस मिनिटं साठत साठत सत्तरेक वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. शिवकाळात ती १४ तारखेच्या कितीतरी आधी यायची. आणि लीप वर्षांमुळे १४-१५ची ये-जा होते ती वेगळीच. तिथीच्या सणांचं तर विचारूच नका. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. आषाढी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, मग अधिक महिना येऊन ते भरून काढणार. हे गणित करणारी माणसं आपल्याच गावात आहेत. दाते पंचांग सोलापुरातून निघतं आणि सगळ्या महाराष्ट्रात जातं, याचा मला फार अभिमान आहे.

मोबाईलमधली कॅलेंडरं ज्या खुल्या मानकावर चालतात त्याचं नाव आयकॅलेंडर. ते १९९८ साली आलं आणि २००९ मध्ये सुधारून आरएफसी ५५४५ या क्रमांकाने पुन्हा प्रसिद्ध झालं. त्याचे पुनरावृत्तीचे नियम इंग्रजी तारखांवरच बेतलेले आहेत. इतर कालगणनांसाठी २०१५ मध्ये एक जोड निघाली, पण ती पाळणारी ॲप फार थोडी. तेव्हा सण कोणीतरी जाणकाराने काढून द्यावेत आणि आपण ते वाचावेत, हीच पद्धत मोबाईलमध्येही योग्य. याला सबस्क्राइब करणं म्हणतात. त्याचा प्रवाह एकेरी असतो: तिकडे बदललं की इकडे दिसतं, आपल्याला त्यात लिहिता येत नाही. सामायिक कॅलेंडर निराळं. तिथे आपणही लिहितो, शेजारीही लिहितो. ही दोन कॅलेंडरं कधीही एकत्र करू नका. सणांच्या नोंदी सामायिक कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट केल्या, म्हणजे फाईलमधून आत घेतल्या, की त्यांचा मूळ झऱ्याशी संबंध तुटतो, आणि तिकडची दुरुस्ती आपल्याकडे कधीच पोचत नाही.

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. जुळे सोलापुरातली सोसायटी आहे. सोलापुरात पाणी कसं येतं ते तुम्ही जाणता. उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर लांबून यायचं, शहरात चार-चार, पाच-पाच दिवसांआड सुटायचं. पंपाची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की सगळ्या भागांच्या पाळ्या पुढे. त्या दिवशी हौद कोणी बघायचा, मोटर किती वाजता चालू करायची, कुठल्या मजल्याची टाकी आधी भरायची, यावरून आमच्याकडे दर महिन्याला भांडण ठरलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने हे सगळं सामायिक कॅलेंडरमध्ये घातलं. मुलगा पुण्याच्या कंपनीत, शनिवार-रविवारी घरी यायचा. त्याने प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते बसवून दिलं, आजी-आजोबांनाही शिकवलं. आदल्या रात्री सूचना वाजायची, 'उद्या पाणी, मोटर तिसरा मजला'. भांडणं थांबली. खरंच थांबली. मिटिंगमध्ये लोक चहा पिऊन शांतपणे घरी जायला लागले. एवढं सुख एका साध्या तक्त्यात असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे कॅलेंडर त्या मुलाच्या ऑफिसच्या खात्यावर होतं. तेव्हा कोणाच्या मनात काही आलं नाही. चालू होतं, छान होतं. पुढे त्याने नोकरी बदलली. जुन्या कंपनीने रिवाजाप्रमाणे खातं बंद केलं, आणि खात्याबरोबर त्याच्या मालकीची सगळी कॅलेंडरं गेली. एका सकाळी शेजारचे अण्णा दारात उभे. म्हणाले, "ओ सर, मोबाईलमधलं पाणी गेलं की ओ!" बघतो तर माझ्याही फोनवर काही नाही. कोणाच्याच नाही. त्या पाळीला तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींना मोटरची वेळ कळली नाही, आणि नळाचं पाणी येऊन गेल्यावर त्यांनी बादल्या वर चढवून घेतल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं.

सेक्रेटरींनी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं की खातं कंपनीचं आहे, त्यातली माहिती बाहेरच्यांना देता येत नाही. नियम त्यांच्या बाजूने असेल, तो मी नाकारत नाही. पण खातं बंद करताना 'हे कॅलेंडर बाहेरची इतकी माणसं वापरतात, त्यांचं काय करायचं' असं विचारणारी एक चौकट पडद्यावर यायला काय हरकत होती? मालक एक आणि वापरणारे पन्नास असले, तर त्या पन्नासांना आगाऊ सूचना मिळायलाच हवी. जो कोणी अशा सेवा बनवतो, त्याने हे करावं. माझी ही मागणी आहे आणि जिथे बोलायला मिळेल तिथे मी ती मांडणार आहे.

नोंदी मिळाल्या कशा, तेही ऐका. तळमजल्यावरच्या काकूंचा जुना टॅब कपाटात बंद पडलेला होता. त्यांच्या नातीने सुचवलं की वायफाय बंद ठेवूनच तो सुरू करा. फोन-टॅब कॅलेंडरची एक प्रत स्वतःजवळ ठेवतात. इंटरनेट लागलं की ती सर्व्हरशी जुळवतात, आणि सर्व्हरवर काही नसेल तर इथलीही पुसतात. नेट नसल्यामुळे त्या टॅबमध्ये सगळं जसंच्या तसं होतं. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. त्या पोरीचं मला कौतुक वाटतं, तिने ते ओळखलं नसतं तर काही हाताला लागलं नसतं.

उतरवताना आणखी एक गोष्ट दिसली. पाण्याची नोंद 'दर पाच दिवसांनी, कायम' अशी टाकलेली होती. पाळी सरकली की तो मुलगा 'ही आणि पुढच्या सगळ्या नोंदी' असं निवडून दिवस बदलायचा. अनेक कॅलेंडर सेवांमध्ये असं केलं की जुनी मालिका तिथेच संपते आणि नवी मालिका वेगळ्या ओळखक्रमांकाने सुरू होते. वरून बघताना एकच वाटते, आत डझनावारी तुकडे असतात. नव्या सेवेवर असं कॅलेंडर नेलं की कुठला तुकडा कुठे जातो ते शोधत बसावं लागतं. म्हणून सरकणाऱ्या गोष्टींना कायमची पुनरावृत्ती लावू नका; पुढच्या दोन-तीन पाळ्या हाताने टाका. लिफ्टच्या देखभालीचा पहिला सोमवार असतो, त्याला खुशाल लावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा आता भरभर.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. कॅलेंडर एक्स्पोर्ट केल्यावर, म्हणजे सेवेतून बाहेर काढल्यावर, आयसीएस नावाची फाईल मिळते. तिच्यात नोंदी असतात. कोणाला फक्त बघायची मुभा आहे, कोणाला बदल करायची, कोणाला आणखी लोक जोडायची, यातलं काहीही तिच्यात नसतं. तेव्हा पहिलं काम कागदावर करा: माणसांची यादी आणि प्रत्येकाचा हक्क. त्यातच बरीच जुनी नावं सापडतात, घर विकून गेलेली, नोकरी सोडलेली. मग नवं खातं संस्थेच्या नावाने उघडा. ते कोणा एकाच्या खासगी खात्यावर नको आणि ऑफिसच्या खात्यावर तर नकोच. पासवर्ड परत मिळवायचा नंबर आणि ईमेल दोन वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांचे ठेवा. कमिटी बदलली की चाव्यांबरोबर हेही हस्तांतर करा आणि इतिवृत्तात लिहा.

सेवा निवडताना 'कॅलडॅव्ह चालतं का' हे विचारा. वेगवेगळ्या ॲपनी सर्व्हरवरचं कॅलेंडर कसं वाचावं आणि त्यात कसं लिहावं, हे ठरवणारं हे २००७ चं खुलं मानक आहे. ते असलं की उद्या तिथूनही बाहेर पडता येतं. आयफोनमध्ये त्याची सोय मुळातच आहे. अँड्रॉइडला डॅव्हएक्स५ सारखं ॲप टाकावं लागतं. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर नेक्स्टक्लाउड नावाचं सॉफ्टवेअर आहे, पण तो सर्व्हर सांभाळणारं माणूस हवं.

गूगल कॅलेंडरमधून न्यायचं असेल तर एक्स्पोर्ट संगणकावरच्या ब्राउझरमधून होतं, मोबाईलच्या ॲपमधून होत नाही. आणि ज्याला पूर्ण हक्क आहेत त्यालाच ते करता येतं. फाईल नव्या ठिकाणी आधी एका रिकाम्या, चाचणीच्या कॅलेंडरमध्ये टाका. लगेच खऱ्यात टाकू नका. चाचणीत दोन गोष्टी बघा. एक, वेळा. आपला वेळपट्टा 'एशिया/कोलकाता' असा लागला पाहिजे. चुकला तर नोंदी साडेपाच तास सरकतात. दुसरं, पूर्ण दिवसाच्या नोंदी. वाढदिवस पहाटे साडेपाचला दिसायला लागला तर समजा की तारखेची नोंद वेळेची झाली आहे. पाहुण्यांची यादी आणि रंग येतीलच असं धरू नका. सूचना तर प्रत्येकाला आपापल्या फोनवर पुन्हा लावाव्या लागतील, वयस्करांना शेजारी बसून लावून द्या.

बदलाचा दिवस ठरवा, तो पाण्याचा दिवस नको. त्या दिवशी जुन्या कॅलेंडरवर सगळ्यांना फक्त बघायची मुभा ठेवा आणि नावापुढे 'जुनं, लिहू नये' असं घाला. दोन्हीकडे लिहिता येत असलं की निम्म्या तारखा इकडे आणि निम्म्या तिकडे पडतात. जुनं लगेच पुसू नका, एक हिशेबी वर्ष तरी राहू द्या. सणांचं कॅलेंडर फाईलमधून न आणता नव्या खात्यात त्याची लिंक पुन्हा जोडा. अशा लिंकवरचे बदल यायला कधी कधी बारा-बारा तास लागतात, म्हणून पाण्याची पाळी लिंकने देऊ नका, थेट शेअर करा.

मंगल कार्यालयवाल्यांसाठी एक राहिलं. तुमच्या नोंदींमध्ये यजमानांची नावं, फोन नंबर, कधी अनामत रक्कमही असते. गूगल कॅलेंडरसारख्या सेवांमध्ये एक गुप्त लिंक असते, ती ज्याच्याकडे आहे त्याला पासवर्डशिवाय सगळं दिसतं. मांडववाले, केटरिंगवाले, बँडवाले यांना ती कधी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन आधी ती लिंक रद्द करा. त्यांना फक्त 'मोकळं की बुक' एवढंच दिसेल असा हक्क द्या. हे नवीन सेवेवर जाईपर्यंत थांबवायचं कारण नाही, आज रात्री घरी गेल्यावर करता येईल. ज्यांनी फोन बरोबर आणलाय त्यांनी पाठीमागच्या टेबलाशी या, मी दाखवतो.