शेत नसलेला आगेरा

बंधू-भगिनींनो,

वसईत, उत्तनला, गोराईला आगेरा, म्हणजे आपला नव्या पिकाचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. कुवेतमध्ये रविवार कामाचा दिवस, म्हणून आपण शुक्रवारी जमलो. इथं रविवारची मिस्साही, म्हणजे चर्चमधली उपासना, शुक्रवारीच होते, त्यामुळे वार बदलल्याचं कुणाला काही वाटत नाही. पण दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच : शेत नाही, कापणी नाही, मग आगेरा कशाचा? आज त्यावरच बोलतो.

इथंच वाढलेल्या मुलांसाठी आधी थोडं गावाकडचं सांगतो. भात पिकलं की पहिल्या लोंब्या कापतात. फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग गात-वाजवत त्या चर्चमध्ये नेतात. मिस्सा झाली की जो तो आपली लोंबी घरी नेऊन अल्तारापाशी, म्हणजे घरच्या वेदीपाशी, लावतो. वर्षाचं अन्न घरात येण्याआधी त्यातलं पहिलं देवाला द्यायचं, ही त्यामागची श्रद्धा. वांद्रे-कुर्ल्याची शेतं शहराखाली कधीच गेली, पण तिथल्या गावठाणांनी आगेरा सोडला नाही. म्हणजे शेताविना आगेरा करणारे आपण काही पहिले नव्हे.

आता बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २६वा अध्याय पाहा. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना इस्राएली माणसानं काय म्हणायचं ते तिथं सांगितलं आहे. ‘आम्ही मोठे शेतकरी’ असं तो म्हणत नाही. माझा पूर्वज भटका अरामी होता, मोजक्या माणसांनिशी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेला आणि तिथं उपरा म्हणून राहिला, इथून तो सुरुवात करतो. पुढे दास्य येतं, आक्रोश येतो, देवानं तो ऐकल्याचं येतं आणि मग टोपली. मला हा अध्याय फार जवळचा वाटतो. स्वतःच्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाही देवाचे आभार मानताना आधी आपलं परदेशीपण आठवावं लागतं. आपल्याला ते मुद्दाम आठवावं लागत नाही. सिव्हिल आयडी, हे इथलं ओळखपत्र, खिशातच असतं. आणि वसईकरानं परमुलखात राहून देवाला धरून असणं आखातापासून सुरू झालेलं नाही. आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेला.

मग वेदीवर ठेवायचं काय? कुणीतरी गावाहून जपून आणलेली लोंबी आज इथं आहे, तिचा मला आनंदच आहे. पण तिच्या शेजारी या भूमीचा खजूर हवा, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळा सरता सरता इथल्या बागांतून तो उतरतो. ज्या मातीनं आपल्याला पोसलं तिचं फळ देवापुढे ठेवलं नाही, तर आपली उपकारस्तुती अर्धी राहील.

पगाराचंही तसंच आहे. आपल्यातल्या कित्येकांचा इथला पहिला पगार एजंटाचं कर्ज फेडण्यात गेला. त्यातून देवासाठी काही काढता आलं नाही म्हणून मन खाऊ नका. घरी चूल पेटती ठेवलीत, तेही अर्पणच होतं.

एका गोष्टीवर मात्र मी आग्रह धरतो. त्याच अध्यायात, पहिली फळं अर्पण केल्यावर जो आनंद करायचा, त्यात तुझ्यामध्ये राहणारा परका असलाच पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं आहे. १२ जून २०२४ ची इथल्या मंगफची आग आपण विसरलेलो नाही. आपले चाळीसहून अधिक भारतीय त्या एका इमारतीच्या आगीत गेले. कामासाठी आलेली, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी माणसं. तशीच माणसं आजही मंगफमध्ये, महबुलामध्ये, जलीबमध्ये आहेत. आपण कुटुंब घेऊन राहतो, आपल्या दाराला आपली कडी आहे. एवढ्यासाठीसुद्धा देवाचे आभार मानावेत. पण आभार मानून आपलं दार लावून घेतलं, तर अनुवादातली ती ओळ आपण वाचलीच नाही.

मिस्सानंतर जेवण आहे. तळलेले फुगे आहेत, बाटली मसाल्याची कोंबडी आहे, आपल्या बहिणी पहाटेपासून राबल्या आहेत. पंगतीला बसण्याआधी प्रत्येकानं एक ताट बांधून घ्या. तुमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, असेल, खालच्या बकाल्यातला, किराणा दुकानातला, पोऱ्या असेल. तो बांगलादेशी असो, मिसरी असो, मुसलमान असो. आज आमचा नव्या पिकाचा सण आहे, एवढं त्याला सांगा आणि ताट द्या. वेळ असला तर दोन घटका त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या गावी काय पिकतं ते विचारा.